साखळी काढली, कुंपण घातलं, तरी कुत्रं सुटतंय? आधी काय बघायचं

शनिवारी आठ-दहा जण मिळून कुंपण घालतात. संध्याकाळी साखळी निघते आणि वर्षानुवर्षं खुंट्याभोवती गोल फिरलेलं कुत्रं पहिल्यांदा सरळ पळतं. मंगळवारी मालकाचा फोन येतो, "ते बाहेर गेलं होतं. सध्या परत बांधून ठेवलंय."

मी अमेरिकेत, ऑरेगनमध्ये पोर्टलँडजवळ राहते. साखळीतल्या कुत्र्यांसाठी फुकट कुंपण घालून देणारे स्वयंसेवक इथे बरेच आहेत. फेन्सेस फॉर फायडो ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली संस्था २००९ साली पोर्टलँडमध्येच सुरू झाली. मी ज्या लहानशा गटाबरोबर जाते तिथे मंगळवारच्या या फोनवर जायचं काम बहुतेक माझ्याकडे असतं. तेच तेच दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केलेत की आता एका क्रमानंच बघत जाते. तो क्रम इथे लिहिते आहे, म्हणजे कुणी उगाच पहिल्याच दिवशी खड्डे खणायला घेणार नाही.

लक्षणं

पुढच्यापैकी काय दिसतंय ते आधी नीट बघा. हात कशालाही लावू नका.

– दाराची कडी लागलेली आहे, पण कुत्रं बाहेर आहे. दार हलवलं की खडखडतं.
– जाळीच्या तळाशी बशीसारखा खड्डा आहे आणि खालच्या तारेला पोटाचे केस अडकलेत.
– जाळीचा वरचा काठ एकाच जागी खाली दबलाय आणि त्याच्या खाली चिखलाचे पंजे आहेत.
– खांब आणि जाळी यांच्यात फट पडलीय, क्लिपा गवतात सापडतायत.
– तारा चावलेल्या आहेत, कुत्र्याच्या हिरड्यांतून रक्त येतंय. (हे दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागावर जा.)
– कुठेच काही खूण नाही. माझ्या अनुभवात अशा वेळी दार कुणीतरी उघडं टाकलेलं असतं.

खड्डा असेल तर मातीचा ढीग कुठल्या बाजूला आहे ते बघा. कुत्रं खणतं तेव्हा माती मागे, स्वतःच्या पायांमधून फेकतं. ढीग आत असेल तर आपल्याच कुत्र्यानं खणलंय. ढीग बाहेर असेल तर दुसऱ्या कुत्र्यानं आत यायला खणलंय, आणि मग आतली कुत्री माजावर आली आहे का ते विचारा.

सगळ्यात आधी: दुरुस्ती होईपर्यंत कुत्रं कुठे ठेवायचं

घरात, गॅरेजमध्ये किंवा वरून बंद असलेल्या पिंजऱ्यात. कुंपणाच्या आत साखळीला बांधून ठेवू नका. साखळीला असलेलं कुत्रं जाळीवरून उडी मारतं, पलीकडे जमिनीला पाय टेकत नाहीत आणि गळ्याला फास बसतो. कुत्री अशी मेलेली आहेत. मालक घाबरून साखळी परत लावतो, त्यामागे वाईट हेतू नसतो. म्हणून फोनवरच हे सांगायचं, आपण तिथे पोहोचेपर्यंत थांबायचं नाही.

ऑरेगनमध्ये कायद्याचाही प्रश्न आहे. २०१३ साली झालेल्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, चोवीस तासांत १० तासांपेक्षा जास्त वेळ कुत्रं बांधून ठेवता येत नाही. वर ताणलेल्या तारेवर सरकणाऱ्या दोरीला बांधलं असेल तर ही मर्यादा १५ तास आहे. "दुरुस्ती होईपर्यंत आठवडाभर राहू दे" हे त्यात बसत नाही.

१. विचारा आणि बघत बसा (खर्च शून्य)

कधी सुटतं? रात्री, मालक कामावर गेल्यावर, की फटाके वाजले की? किती वेळा? सुटून कुठे जातं? शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एक काळा लॅब्रॅडोर मिश्र कुत्रा होता, सहा वर्षं साखळीला. कुंपण झाल्यावर पहिले चार दिवस तो जुन्या गोलातच फिरत राहिला. पाचव्या दिवसापासून रोज रात्री बाहेर. आम्ही तळाला दगड लावले, कडी बदलली, एका कोपऱ्यात जाळीची उंची वाढवली. तिसऱ्या फेरीत मी मालकीणबाईंना विचारलं, तो सापडतो कुठे? त्या म्हणाल्या, "कुठे म्हणजे, पुढच्या दाराच्या पायरीवर झोपलेला असतो." तो पळून जातच नव्हता, घराकडे येत होता. कुंपण आम्ही अंगणाच्या लांबच्या टोकाला, त्याच्या जुन्या खुंट्याभोवती घातलं होतं. आम्ही बारा फूट जाळी वाढवून मागचं दार कुंपणाच्या आत घेतलं. त्यानंतर तो सुटला नाही. तेव्हापासून नवीन कुंपण आखताना मी घराचं एक दार आत घेण्यासाठी हट्टाला पेटते.

कुठून सुटतं ते कळत नसेल तर जाळीच्या तळाला दर दोन फुटांवर एकेक वाळकी काडी टेकवून ठेवा. सकाळी जी पडलेली असेल, तीच वाट. नाहीतर खिडकीत फोनचा कॅमेरा सुरू करून ठेवा आणि मालकाला गाडी घेऊन तासभर बाहेर पाठवा. मालक घरी असताना कुत्रं बहुतेक वेळा काहीच करत नाही. आपण तिथे उभे राहून "असं कसं सुटेल?" म्हणत बसतो.

२. जाळीजवळचं सामान हलवा (खर्च शून्य)

कुत्र्याचं खुराडं, लाकडांची रास, मुलांची घसरगुंडी, कचऱ्याचा डबा: यातलं काहीही जाळीपासून सहा फुटांच्या आत नको. पाच फुटी जाळीला खेटून अडीच फूट उंचीचं खुराडं ठेवलं की कुत्र्यासाठी ती जाळी अडीच फुटीच राहते. खुराडं आम्ही स्वतः देतो, आणि सावलीसाठी म्हणून आम्हीच ते जाळीला टेकवून ठेवतो. ही चूक मीही केली आहे. इथे ब्लॅकबेरीची रानटी काटेरी झाडी सगळीकडे माजते. तिचा दाबलेला ढिगारासुद्धा पायरीचं काम करतो, तेव्हा तो छाटून टाका.

३. दार (खर्च थोडासा, वेळ अर्धा तास)

अख्ख्या कुंपणात हलणारी गोष्ट एकच, दार. म्हणून जाळीच्या आधी दार.

चेन-लिंकच्या, म्हणजे विणलेल्या तारेच्या, दाराला बहुधा दोन बोटांच्या बेचक्यासारखी कडी असते, वर उचलली की उघडते. कुत्र्याचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. कडीच्या भोकातून एक स्प्रिंगचा हूक, गिर्यारोहक वापरतात तसला, अडकवला की नाकानं उचलणं बंद. कुलूप लावू नका. आग लागली किंवा कुत्रं तारेत अडकलं तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

मग बिजागऱ्या बघा. वरची आणि खालची, दोन्हींच्या खुंट्या वर तोंड करून असतील तर खालून रेटा बसला की दार उचलून निघतं. वरची बिजागरी सोडून उलटी बसवा, खुंटी खाली तोंड करून. एक पाना पुरतो.

आता फटी. दाराखालून आणि कडीच्या बाजूनं मूठ आत जाते का बघा. जात असेल तर लहान कुत्र्याचं डोकं जाईल, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग येतंच. खालच्या फटीला दगडी फरशी किंवा दाबून बसवलेला लाकडी ओंडका चालतो.

सप्टेंबरात नीट बसणारी कडी फेब्रुवारीत का बसत नाही, हे मला पहिल्या दोन वर्षांत कळत नव्हतं. इथल्या विलामेट खोऱ्यात चिकण माती भरपूर आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस, माती फुगते, मऊ पडते. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगा पडतात. दाराचं सगळं वजन एका खांबावर असतं, तो हळूहळू दाराच्या बाजूला कलतो आणि कडी अर्ध्या इंचानं चुकते. एके दिवशी ओळंबा लावून बघताना मला सांगलीकडचं आमचं काळं रान आठवलं. तिथेही उन्हाळ्यात भेगा पडल्या की डांब दातासारखे हलायचे आणि आबा पहिल्या पावसाआधी एकेक डांब हलवून बघत जायचे. नाव वेगळं असलं तरी फुगणं-आक्रसणं तेच.

ओळंबा नसला तरी सुतळीला एक नट बांधून खांबाशेजारी सोडा. खांब वरच्या टोकाला बोटभर कलला असेल तर कडीची जागा सरकवून भागतं. दाराच्या चौकटीत तिरपी तार टाकून आवळायच्या पेचानं ताणली की ओघळलेलं दारही उचललं जातं. खांब मुळापासूनच हलत असेल तर ते सहाव्या पायरीचं काम, आज नको.

४. तळ (खर्च मध्यम, अर्धा दिवस)

सगळ्या कुंपणाच्या कडेनं चाला आणि बुटाच्या टोकानं जाळीचा तळ बाहेर ढकला. जिथे उचलला जातो तिथे खूण करा. उतारावर आणि झाडांच्या मुळांपाशी हमखास सापडतं.

तात्पुरतं म्हणून दगड ठेवतात. ठेवा, पण दगड हा एका जागेचा उपाय आहे. कुत्रं दगडाच्या शेजारी खणायला लागतं. टिकणारा उपाय म्हणजे जाळीची झालर. दोन फूट रुंदीची जाळी आतल्या बाजूनं जमिनीवर सपाट अंथरायची, कुंपणाच्या तळाला लोखंडी कड्यांनी जोडायची आणि फुटाफुटावर यू आकाराच्या खिळ्यांनी जमिनीत दाबायची. कापलेली टोकं खाली वळवून टाका, नाहीतर पंजे फाटतात. दोन महिन्यांत गवत वर येतं आणि झालर दिसेनाशी होते.

झालर सपाटच का? कुत्रं अगदी जाळीच्या बुडाशी खणायला जातं आणि तिथे उभं राहिलं की झालर त्याच्याच पायाखाली येते. दोन फूट मागे सरून खणावं हे त्याला सुचत नाही. उभी जाळी गाडायची तर सगळ्या बाजूंनी चर खणावा लागतो, आणि इथल्या चिकण मातीत ते काम दोन दिवसांचं होतं. तळाला सिमेंट ओतण्याच्या मी विरोधात आहे. यातली बरीच घरं भाड्याची असतात. उद्या कुंपण हलवायची वेळ आली तर सगळा भार भाडेकरूवर पडतो.

खणणारं प्रत्येक कुत्रं पळायलाच खणत असतं असं नाही. २०२१ च्या जूनअखेर पोर्टलँडचं तापमान ११६ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास ४७ सेल्सिअसवर गेलं. उन्हात कुत्री गार मातीत बसायला खणतात. खड्डा जाळीपासून लांब आणि सावलीत असेल तर तो बुजवू नका. सावलीसाठी कापड ताणा, पाण्याचं जड भांडं ठेवा, खणायला वाळूची एक जागा द्या.

५. जाळी, क्लिपा आणि वरचा काठ

आम्ही बहुतेक ठिकाणी लोखंडी टी-पोस्ट (T आकाराचे, जमिनीत ठोकायचे खांब) आणि २ बाय ४ इंच चौकोनाची पाच फुटी वेल्डेड जाळी वापरतो. जाळी खांबांच्या आतल्या बाजूला, कुत्र्याच्या बाजूला हवी. मग कुत्र्यानं उडी मारली की धक्का खांबावर जातो. जाळी बाहेरून लावली असेल तर तोच धक्का क्लिपांवर येतो आणि त्या एकेक करून निसटतात. गवतात क्लिपा सापडतायत असं वर लिहिलं, त्याचं कारण बहुधा हेच. एका खांबाला निदान पाच क्लिपा, त्यातली एक अगदी वर आणि एक अगदी खाली.

वरून जाणारं कुत्रं चढतं की उडी मारतं ते ओळखा. चढणारं जाळीवर चिखल ठेवतं आणि काठ दाबतं. त्याला उंची वाढवून फारसा फरक पडत नाही. जाळीच्या वर दीड फुटाची पट्टी आत झुकवून, साधारण ४५ अंशांत लावली तर चढत गेलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर छप्पर आल्यासारखं होतं. उडी मारणाऱ्याला उंचीच लागते. मात्र उंची वाढवण्याआधी शहराचे नियम बघा आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. घराच्या पुढच्या बाजूला बऱ्याच शहरांत कमी उंचीच चालते.

नर कुत्रा असेल आणि नसबंदी झालेली नसेल, तर या सगळ्याच्या आधी तेवढं विचारा. बरेच गट कुंपणाच्या बदल्यात ही एकच अट घालतात आणि ती योग्य आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. अंगातले संप्रेरक कमी व्हायला काही आठवडे लागतात, आणि पळायची सवय त्याहून हळू सुटते. तोवर रात्री घरात.

भीतीनं पळणारं कुत्रं वेगळं. इथे ४ जुलैला, आपल्याकडे दिवाळीत, आवाजानं बिथरलेलं कुत्रं एरवी न चढलेली जाळी चढतं. त्यासाठी कुंपण वाढवू नका. त्या रात्री त्याला घरात घ्या, खिडक्या बंद करा, कुणीतरी जवळ बसा.

६. दाराचा खांब नव्यानं बसवणं (सगळ्यात कष्टाचं)

खणायच्या आधी ८११ ला फोन, म्हणजे जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठून जातात ते दाखवणाऱ्या सेवेला. ऑरेगनमध्ये दोन पूर्ण कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, सेवा फुकट आहे. टी-पोस्ट नुसता ठोकायचा असला तरी कळवा, तोही दोन फूट खाली जातो. ते येऊन जमिनीवर रंगानं खुणा करतात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन आणि केबल, हिरवा सांडपाणी. मीटरच्या पुढे मालकानं स्वतः टाकलेल्या तारा आणि नळ, म्हणजे शेडमधला दिवा किंवा बागेचे फवारे, यात येत नाहीत. ते मालकालाच विचारावं लागतं, आणि मालकाला बहुधा आठवत नाही, म्हणून पहिला फूटभर हातानं खणा.

खड्डा अडीच-तीन फूट, तळाला चार बोटं खडी म्हणजे पाणी साठत नाही, मग खांब, ओळंबा, काँक्रीट. वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता ठेवा. दार दुसऱ्या दिवशीच अडकवा. त्याच संध्याकाळी अडकवलेलं दार खांबाला ओल्या काँक्रीटमध्येच कलवतं, आणि पुढच्या हिवाळ्यात आपण परत तिथेच असतो.

कुठे थांबायचं

गळपट्टा मानेत रुतलेला दिसला, केसांखालून वास येतोय, तर तो कापू नका. त्याच दिवशी पशुवैद्य. लहानपणी बांधलेला पट्टा कुणी सैल केला नाही की असं होतं, आणि आत किती खोल गेलाय ते बाहेरून कळत नाही.

तारा चावून दात मोडलेत, रक्त येतंय, एकटं राहिलं की लाळ गाळत दारावर आपटतंय, तर हा जाळीचा दोष नाही. आणखी मजबूत जाळीनं आणखी दात मोडतील. आधी पशुवैद्य, मग त्यांच्या सल्ल्यानं वर्तनाचा जाणकार.

खणताना पहार कशावर तरी आपटली, किंवा गॅसचा वास आला, तर अवजार तिथेच टाका, सगळ्यांना लांब न्या आणि लांबून ९११ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करा. खांब पिवळ्या किंवा लाल रेघेच्या जवळ घ्यावा लागत असेल, कुंपण माती अडवणाऱ्या भिंतीवर किंवा मोठ्या उतारावर असेल, तर कुंपणाचा ठेकेदार. शेजारी म्हणतो हद्द आपली आहे, तर मोजणी करणारा परवानाधारक सर्व्हेयर. स्वयंसेवकांनी हद्दीच्या वादात मत देऊ नये.

कुत्रं गुरगुरतंय, तर मालक त्याला आत नेईपर्यंत दार उघडू नका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. भारतात तर रेबीजच्या लसीला एक दिवसही उशीर नको.

मालक नाही म्हणाला, किंवा कुत्रं उपाशी आणि जखमी दिसतंय, तर रात्री जाऊन साखळी तोडून कुत्रं नेऊ नका. ती चोरी ठरते, आणि ते घर पुढे कुणालाच दार उघडत नाही. प्राण्यांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी खात्याला कळवा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, या दोन्हींचा उल्लेख आहे. तक्रार लिहिताना तेच शब्द वापरा आणि साखळीची लांबी मोजून टाका.

तीनदा दुरुस्ती करूनही सुटत असेल तर चौथ्यांदा जाळी घेऊन जाऊ नका. पहिल्या पायरीवर परत या, मालकाजवळ बसा आणि ते सुटून कुठे जातं ते पुन्हा विचारा.

ऑक्टोबरचा पहिला मोठा पाऊस पडला की मी त्या वर्षी कुंपण बांधलेल्या सगळ्या घरांना फोन करते. फक्त एवढंच सांगते, "दारापाशी जा, कडी लावा, आणि फोन कानाला ठेवूनच दार जोरात हलवा." खडखड ऐकू आली की त्या शनिवारी मी पाना आणि सुतळी घेऊन तिथे असते.